डेन्मार्कचा चित्रपट आणि श्रद्धेचा प्रश्न

परदेशी चित्रपटांविषयी जिज्ञासा बाळगणारा आपल्याकडील वाचक बहुधा अमेरिकेपासून आरंभ करतो, तेथून इंग्लंड, फ्रान्स व इटली येथील चित्रपटांकडे वळतो आणि फार झाले तर जपानपर्यंत जाऊन पोहोचतो. डेन्मार्क हा देश त्याच्या वाटेवर सहसा लागत नाही. त्या देशाचे नाव आपल्या कानी येते ते हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथांमुळे, किंवा इतिहासाच्या पुस्तकातील तरंगंबाडीमुळे. तामिळ किनाऱ्यावरील त्या गावी १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कचा अंमल होता. आज ह्या देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या सुमारे निम्मी. एवढ्याशा देशाने चित्रपटकलेला काय दिले, हे थोडक्यात सांगून नवख्या प्रेक्षकाने त्यांतील कोणते चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत हे सुचविण्याचा आमचा मानस आहे.

आमचे बहुतेक वाचक देवळाच्या सावलीत वाढलेले आहेत. नित्यपूजा, उत्सव, पालखी, कीर्तन आणि त्यांबरोबरच देवस्थानाच्या सभेतील मतभेद, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. परदेशी चित्रपटांत श्रद्धेची एक तर टवाळी असते, नाही तर तिची दखलच नसते, असा ह्यांपैकी अनेकांचा समज असतो. डेन्मार्कच्या उत्तम चित्रपटांनी हा समज बराचसा खोटा पाडला आहे. देवाचे नाव घेणारा मनुष्य आपल्या घरातील व गावातील माणसाशी कसा वागतो, हाच प्रश्न ते चित्रपट पुनःपुन्हा विचारीत आले आहेत. हा प्रश्न त्यांना कसा सापडला, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे; कारण आरंभी त्या देशातील चित्रपटाचा धंदा अगदी निराळ्या मालावर उभा होता.

डेन्मार्कमध्ये चलच्चित्रांचा आरंभ १८९७ साली झाला. पेटर एल्फेल्ट नावाच्या छायाचित्रकाराने ग्रीनलंडच्या कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीचे काही क्षणांचे दृश्य टिपले, तेच त्या देशाचे पहिले चलच्चित्र समजतात. धंदा म्हणून ह्या कलेचा पाया घातला तो ओले ओल्सेन ह्याने. हा गरिबीतून वर आलेला गृहस्थ. जत्रेतल्या खेळांचा व्यवसाय त्याने केलेला असल्यामुळे लोक कशासाठी पैसे मोजतात हे त्याला नेमके ठाऊक होते. १९०५ साली त्याने कोपनहेगनमध्ये चित्रगृह उघडले आणि १९०६ साली नॉर्डिस्क ही कंपनी स्थापन केली. पृथ्वीच्या गोलावर उभे असलेले पांढरे अस्वल ही तिची मुद्रा. सव्वाशे वर्षांच्या जवळ येऊन ठेपलेली ही कंपनी आजही चालू आहे.

ओल्सेनचे पहिले मोठे यश म्हणजे १९०७ मधील 'सिंहाची शिकार' हा छोटा चित्रपट. दोन म्हातारे सिंह विकत आणून एका लहान बेटावर सोडण्यात आले आणि कॅमेऱ्यासमोर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. प्राण्यांवरील ह्या क्रौर्याविरुद्ध ओरड झाली आणि न्यायमंत्री आल्बर्टी ह्यांनी बंदी घातली. ओल्सेनने तो चित्रपट आधी शेजारच्या स्वीडनमध्ये दाखविला. बंदीचा गवगवा झाल्यामुळे उलट त्याची मागणी वाढली आणि त्याच्या अडीचशेहून अधिक प्रती खपल्या. बंदी घालणारे आल्बर्टी पुढच्याच वर्षी स्वतः मोठ्या अफरातफरीच्या प्रकरणात सापडून तुरुंगात गेले, हा दैवाचा विनोद निराळाच.

ह्यानंतरची सात-आठ वर्षे डेन्मार्कच्या चित्रपटांचे सुवर्णयुग मानली जातात. १९१० साली ऊर्बान गाद ह्याने 'आफग्रुंडन', म्हणजे 'दरी', हा चित्रपट काढला. दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला त्याने अर्ध्या तासाहून अधिक लांबीची एक सलग कथा दाखविली. पियानो शिकविणारी एक तरुणी पाद्र्याच्या मुलाशी ठरलेला विवाह सोडून सर्कशीतील एका घोडेस्वाराच्या मागे जाते आणि तिचा नाश होतो, एवढीच ती कथा. परंतु तिच्यातील नायिका आस्टा नील्सन हिने रंगभूमीवरील हातवारे टाकून केवळ डोळ्यांनी व शरीराच्या तोलाने जो अभिनय केला, तो युरोपला नवा होता. ती पुढे जर्मनीत गेली आणि चित्रपटाच्या जगातील पहिल्या आंतरराष्ट्रीय ताऱ्यांपैकी एक ठरली.

१९१३ साली, म्हणजे आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या वर्षी पडद्यावर आला त्याच वर्षी, आवगुस्ट ब्लोम ह्याचा 'आटलांटिस' प्रदर्शित झाला. गेर्हार्ट हाउप्टमान ह्या जर्मन लेखकाच्या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्यात एक प्रचंड जहाज बुडते. 'टायटॅनिक' बुडून तेव्हा वर्ष-दीड वर्षच झाले होते. ह्या चित्रपटाचा शेवट सुखान्त होता; परंतु रशियातील प्रेक्षकांना शोकान्त आवडतो म्हणून त्यांच्यासाठी दुःखाचा निराळा शेवट चित्रित करून पाठविण्यात आला. गिऱ्हाईक पाहून शेवट बदलणाऱ्या ह्या धंद्यात विवेकबुद्धीचा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, हे उघड आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मूकपटाला भाषेची अडचण नसते, म्हणून चिमुकला डेन्मार्क साऱ्या युरोपला चित्रपट विकू शकत होता. युद्धाने एकामागून एक बाजार बंद केले. जर्मनीत नॉर्डिस्कची मोठी मालमत्ता होती. ती १९१७ साली सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'ऊफा' ह्या जर्मन कंपनीत सामील करून घेण्यात आली. युद्धानंतर अमेरिकेचे चित्रपट जगभर पसरले. नॉर्डिस्कला उतरती कळा लागली आणि १९२८ साली तिचे दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी तिची नव्याने उभारणी झाली.

ह्याच पडत्या काळात नॉर्डिस्कने एक विलक्षण चित्रपट काढला. १९१८ साली होल्गर-माडसेन ह्याने दिग्दर्शित केलेल्या 'हिमेलस्किबेट', म्हणजे 'आकाशनौका', ह्या चित्रपटात पृथ्वीवरील काही माणसे विमानासारख्या यानातून मंगळावर जातात. मंगळावरील लोक शुभ्र वस्त्रे नेसणारे, फलाहारी आणि शस्त्राचा त्याग केलेले आहेत. पाहुण्यांपैकी एकजण खाण्यासाठी एक पक्षी मारतो, तेव्हा त्या लोकांचा थरकाप होतो. आपण काय केले हे पृथ्वीवासीयांना त्या लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहून कळते आणि त्यांना पश्चात्ताप होतो. अहिंसेचे व फलाहाराचे हे चित्र आपल्या वाचकांस सहजच जवळचे वाटेल. युद्ध थांबल्याने कंपनीचा व्यापारही सुरळीत होणार होता, हे खरे. तथापि ज्या कंपनीने अकरा वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर दोन सिंह मारून पैसा मिळविला, तिनेच एका पक्ष्याच्या हत्येवर चित्रपटाचा मर्मबिंदू ठेवावा, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

नॉर्डिस्कच्या ह्याच कचेरीत कार्ल थिओडोर ड्रायर नावाचा एक तरुण पटकथा लिहीत असे. डेन्मार्कच्या चित्रपटांविषयी एकच नाव लक्षात ठेवावयाचे झाले तर ते ह्याचे. त्याचा जन्म १८८९ साली कोपनहेगन येथे झाला. त्याची जन्मदात्री ही स्वीडनमधील एका जमीनदाराच्या घरी काम करणारी अविवाहित स्त्री होती. मूल दत्तक देऊन ती परतली आणि पुढे दुसऱ्यांदा दिवस गेले असता लोकलज्जेपायी केलेल्या उपायात दगावली. ड्रायर वाढला तो एका मुद्रकाच्या घरी, आणि त्याला नाव मिळाले ते त्या दत्तक पित्याचे. आपल्या आईचा अंत कसा झाला, हे त्याला मोठेपणी कळले. पुरुषांनी भरविलेल्या न्यायसभेसमोर उभी असलेली एकटी स्त्री त्याच्या चित्रपटांत वारंवार का येते, ह्याचे एक उत्तर येथे असावे असे आम्हांस वाटते. १९१९ मधील 'अध्यक्ष' ह्या त्याच्या पहिल्याच चित्रपटात एका न्यायाधीशापुढे आरोपी म्हणून येते ती त्याचीच विवाहबाह्य कन्या.

१९२५ साली ड्रायरने 'आपल्या पत्नीचा मान राख' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक घरगुती चित्रपट काढला. व्हिक्टर नावाचा गृहस्थ बायकोवर सदा गुरगुरतो. चहा, चपला, पोरांचे रडणे, साऱ्यांवर त्याची नजर. बायको आजारी पडून माहेरी जाते आणि त्या घरातील म्हातारी दाई, जिने व्हिक्टरला लहानपणी वाढविले, ती त्याला पुन्हा वळण लावते. ह्या चित्रपटासाठी ड्रायरने स्टुडिओत पाण्याचे नळ व स्वयंपाकाचा गॅस चालू असलेले खरेखुरे बिऱ्हाड उभारले. त्यात कोठेही आरडाओरड नाही, उपदेश नाही. सकाळी सर्वांच्या आधी उठून ती बाई किती कामे उरकते, एवढे कॅमेरा निमूटपणे दाखवितो आणि प्रेक्षकाला आपले घर आठवते.

हा चित्रपट फ्रान्समध्ये गाजला आणि त्यामुळे ड्रायरला तेथे बोलावणे आले. १९२८ मधील 'जोन ऑफ आर्कची यातना' हा त्याचा चित्रपट फ्रान्समध्ये निघाला असला तरी त्यातील दृष्टी ड्रायरचीच आहे. पंधराव्या शतकातील त्या कोवळ्या मुलीवर धर्मपंडितांनी चालविलेल्या खटल्याचे मूळ कागद त्याने आधाराला घेतले. देवाने मला पाठविले आहे असे ती म्हणते. तिला प्रश्न विचारणारेही देवाचेच नाव घेतात. चित्रपटाचा बहुतेक भाग केवळ चेहऱ्यांचा आहे. कोणाच्याही तोंडाला रंग नाही. सुरकुत्या, चामखिळी, घाम, अश्रू, सारे जसेच्या तसे दिसते. जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेट्टी ह्या नटीचे मुख एकदा पाहिलेला मनुष्य ते विसरू शकत नाही. त्याच वर्षी ह्या चित्रपटाची मूळ प्रत आगीत जळाली. पुढे अनेक वर्षे लोक कापलेल्या व जुळविलेल्या प्रतींवरच समाधान मानीत होते. अखेर १९८१ साली नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात तिची एक अस्सल जुनी प्रत सापडली. आज आपण पाहतो तो चित्रपट त्या प्रतीवरून तयार झालेला आहे.

एवढी कीर्ती मिळूनही ड्रायरला काम मिळेना. १९३२ नंतर अकरा वर्षे त्याचा एकही मोठा चित्रपट निघाला नाही आणि त्याला पुन्हा वृत्तपत्रात नोकरी धरावी लागली. दरम्यान ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. त्या पारतंत्र्यात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ड्रायरचा 'व्रेडेन्स डाग', म्हणजे 'कोपाचा दिवस', प्रदर्शित झाला. कथा १६२३ सालातील आहे. चेटकीण म्हणून एका म्हातारीला पकडतात. आब्सालोन नावाचा वयस्क पाद्री खटल्यात आहे. ह्याच पाद्र्याने पूर्वी आपल्या तरुण पत्नीच्या आईला अशाच आरोपातून सोडविले होते, कारण त्याला तिच्या मुलीशी लग्न करावयाचे होते. म्हातारी त्याला त्या गोष्टीची आठवण देते आणि मलाही वाचव म्हणून विनविते. तो तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतो, पण तिला वाचवीत नाही. नंतर तीच आग त्याच्या स्वतःच्या घरात येते. चुगली, संशय, छळ करून घेतलेला कबुलीजबाब, ही सारी दृश्ये पाहताना पारतंत्र्यातील प्रेक्षकांना आपलाच काळ आठवला. ड्रायरने असा हेतू नाकारला. परंतु चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तो स्वीडनला निघून गेला.

आता आम्ही ज्या चित्रपटापर्यंत येण्यासाठी हा सारा इतिहास सांगितला, त्याकडे वळतो. 'ओर्देत', म्हणजे 'शब्द', हा चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च सन्मान मिळाला. मूळ नाटक काय मुंक ह्यांचे. हे यूटलंडमधील वेडरसो गावचे पाद्री. जर्मन सत्तेविरुद्ध ते उघडपणे बोलत राहिले, म्हणून ४ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने त्यांना घरातून नेऊन ठार मारले. चित्रपटाची बाहेरची दृश्ये ड्रायरने ह्याच वेडरसो परिसरात टिपली.

बोर्गेन नावाच्या वृद्ध शेतकऱ्याचे भरले घर आहे. थोरल्या मुलाचा, मिकेलचा, देवावर विश्वास उरलेला नाही. मधला योहानेस धर्मशास्त्र शिकता शिकता भ्रमिष्ट झाला आहे आणि आपण येशू आहोत असे बोलत हिंडतो. धाकट्या आंदर्सला गावातील शिंप्याची मुलगी आवडते. परंतु शिंपी निराळ्या पंथाचा. बोर्गेनचा धर्म आनंदाचा, शिंप्याचा पश्चात्तापाचा. दोघेही एकाच देवाला भजतात, एकच ग्रंथ वाचतात, आणि नेमक्या त्याच कारणाने एकमेकांशी सोयरीक करीत नाहीत. स्मार्त-वैष्णवांचे वाद आणि मठामठांतील दुरावे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत, त्या आमच्या वाचकांस हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या घराचा सारा तोल सांभाळते ती मिकेलची पत्नी इंगर. नास्तिक नवरा, हट्टी सासरा, वेडा दीर, सर्वांशी ती सारख्याच मायेने वागते. बोर्गेन व शिंपी ह्यांचे भांडण ऐन भरात असतानाच इंगरच्या बाळंतपणात घात होतो.

शेवटी काय घडते हे आम्ही येथे सांगत नाही. ते प्रेक्षकाने स्वतःच पाहावे. एवढेच सांगतो की गावचा नवा पाद्री आता चमत्कार होत नाहीत असे म्हणतो, डॉक्टर आपल्या विद्येवर भरवसा ठेवतो, वडीलधारे रडतात, आणि इंगरची लहान मुलगी मात्र वेड्या काकाचा हात धरून, आईला केव्हा उठविणार, असे त्याला सहज विचारते. आपल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा चमत्कार नवा नाही. 'प्रभात'च्या १९३६ मधील 'संत तुकाराम' चित्रपटात तुकोबांना न्यावयास विमान येते. तो चित्रपटही १९३७ साली व्हेनिसलाच गौरविला गेला होता. तेथे प्रेक्षक आधीपासूनच भक्त असतो आणि विमानाची वाट पाहत असतो. 'ओर्देत'मध्ये तशी वाट कोणी पाहत नाही. घड्याळाची टिकटिक, वाऱ्याचा आवाज, संथ फिरणारा कॅमेरा, दोन तासांच्या चित्रपटात शंभराच्या थोडे पुढे एवढेच दृश्यखंड. ह्या संथपणाने प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि अखेरीस आपण नेमके कशावर विश्वास ठेवतो असा प्रश्न त्यालाच पडतो. धर्माविषयी एवढ्या गंभीरपणे बोलणारा दुसरा चित्रपट आम्हांस ठाऊक नाही.

ड्रायरने १९६४ साली 'गेर्ट्रूड' हा शेवटचा चित्रपट केला आणि १९६८ साली तो निवर्तला. येशूच्या जीवनावर चित्रपट काढण्याची त्याची अनेक वर्षांची इच्छा अपुरी राहिली. एवढा मोठा दिग्दर्शक जन्मभर पैशावाचून अडून राहिला, तरी त्याच्या देशाने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. १९५२ साली कोपनहेगनमधील डागमार चित्रगृह चालविण्याचा परवाना सरकारने त्याला दिला आणि त्या उत्पन्नावर त्याचा चरितार्थ चालला. ह्या भावनेला पुढे कायद्याचे रूप आले. १९६४ च्या कायद्याने चित्रपटकलेसाठी निधी निर्माण झाला, १९६६ साली चित्रपट-शिक्षणाची राष्ट्रीय शाळा निघाली आणि १९७२ साली डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. बालकांसाठी व किशोरांसाठी निघणाऱ्या चित्रपटांना सरकारी साह्याचा चतुर्थांश राखून ठेवण्याची पद्धतही तेथे पडली. साठ लाखांची भाषा केवळ बाजारावर सोडली तर तिच्यात चित्रपट टिकणार नाही, हे त्या लोकांनी ओळखले. १९५० मधील 'मोगाचो आंवडो' ह्या पहिल्या कोंकणी चित्रपटापासून आजवर आपल्या कोंकणी बांधवांना ज्या अडचणी येत आहेत, त्या पाहता हा भाग आपल्याकडील जाणत्यांनी अभ्यासण्यासारखा आहे.

ह्या पोषक वातावरणाचे फळ १९८७ साली दिसले. गाब्रिएल आक्सेल ह्यांचा 'बाबेटची मेजवानी' आणि बिले आवगुस्ट ह्यांचा 'विजयी पेले' हे दोन्ही चित्रपट त्याच वर्षातील. पहिल्याला १९८८ साली परभाषेतील सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. डेन्मार्कला ते प्रथमच मिळत होते. दुसऱ्याला १९८८ साली कान येथील सर्वोच्च सन्मान आणि पुढच्या वर्षी ऑस्कर अशी दोन्ही मिळाली. 'विजयी पेले'मध्ये एक वृद्ध स्वीडिश मजूर आपल्या लहान मुलाला घेऊन पोटासाठी बोर्नहोम बेटावर येतो. पोटामागे परमुलखात गेलेल्या कोणाही घराण्याला ही कथा आपलीच वाटेल.

'बाबेटची मेजवानी' ही करेन ब्लिक्सेन ह्यांच्या कथेवर आधारलेली आहे. समुद्रकाठच्या एका उजाड गावात दोन वृद्ध अविवाहित बहिणी राहतात. त्यांचे दिवंगत वडील एका विरक्त पंथाचे गुरू होते. उरलेले मोजके अनुयायी अजून जमतात, भजने म्हणतात आणि जुनी उणीदुणी काढून भांडतात. पॅरिसमधील १८७१ च्या यादवीतून जीव वाचवून आलेली बाबेट ही ह्या बहिणींकडे स्वयंपाकीण म्हणून राहते. चौदा वर्षांनी तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात. गुरूंच्या जन्मशताब्दीला जेवण करण्याची परवानगी ती मागते. ते राजेशाही पदार्थ पाहून अनुयायी घाबरतात आणि जेवताना अन्नाविषयी एक शब्दही काढावयाचा नाही असे ठरवितात. परंतु एकेक वाढप होते तसे त्यांचे चेहरे सैल होतात, जुने अपराध कबूल होतात, वैरे मिटतात. ताटातील पदार्थ आमच्या शाकाहारी वाचकांस रुचणारे नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि उत्सवाच्या महाप्रसादाच्या पंगतीत अबोला धरलेले दोघे शेजारी बसले आणि उठताना बोलू लागले, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या चित्रपटाचा अर्थ सांगावयास नको. बाबेट हाती आलेली सारी रक्कम त्या एका जेवणात खर्च करते आणि पुन्हा स्वयंपाकघरातच राहते.

ह्यानंतरचा मोठा टप्पा १९९५ सालचा. लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग ह्या दोघांनी 'डोग्मा ९५' नावाचे एक घोषणापत्र काढले व त्याबरोबर दहा नियमांची एक प्रतिज्ञा प्रसिद्ध केली. तिला त्यांनी नाव दिले ते शुचितेच्या व्रताचे. चित्रीकरण प्रत्यक्ष स्थळी करावे, बाहेरून वस्तू आणू नये, चित्राशिवाय वेगळा ध्वनी वापरू नये, कॅमेरा हातात धरावा, कृत्रिम प्रकाश टाळावा, खून व शस्त्रे ह्यांचा देखावा करू नये, दिग्दर्शकाचे नाव देऊ नये, असे ते नियम होते. आपल्या चातुर्मासातील नेमांप्रमाणेच येथेही काही टाकून देऊन मन एकाग्र करण्याचा हेतू होता. ह्या व्रताचा पहिला चित्रपट विंटरबर्ग ह्याचा 'फेस्टन', म्हणजे 'समारंभ', १९९८ मध्ये आला. एका दृश्यात आपण खिडकी झाकून प्रकाश अडविला, असा नियमभंगाचा कबुलीजबाबही त्याने देऊन टाकला! ह्या चित्रपटात एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या साठीच्या समारंभात थोरला मुलगा उभा राहतो आणि बापाने आपल्यावर व आपल्या मृत बहिणीवर लहानपणी केलेले अत्याचार भरल्या सभेत सांगतो. पाहुणे क्षणभर थांबतात आणि पुन्हा जेवू लागतात. चित्रपटातील सर्वांत भयंकर गोष्ट तीच.

विंटरबर्गने १९९८ च्या उलट बाजूने हाच प्रश्न २०१२ मधील 'यागटन', म्हणजे 'शिकार', ह्या चित्रपटात मांडला. तेथे बालवाडीतील एका निरपराध शिक्षकावर तोच आरोप येतो आणि सारा गाव त्याला वाळीत टाकतो. नाताळच्या पूर्वसंध्येला तो चर्चमध्ये सर्वांच्या मध्ये जाऊन बसतो. प्रार्थना चालू आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वाळीत टाकण्याचा अर्थ ज्या समाजाने एके काळी अनुभविला आहे, त्याला हे दृश्य चटका लावल्यावाचून राहणार नाही. सुसाने बिअर ह्यांचा २००६ मधील 'विवाहानंतर' हा चित्रपट तर भारतातील एका अनाथाश्रमातच सुरू होतो. त्याचा चालक निधीसाठी कोपनहेगनला जातो आणि दात्याच्या मनात देणगीमागे निराळेच काही आहे असे त्याला आढळते. देवस्थानांच्या व आश्रमांच्या देणग्यांचा व्यवहार पाहणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

नवख्या वाचकाने क्रम कसा ठेवावा? आमचे सांगणे असे. पहिला 'बाबेटची मेजवानी'. तो घरातील सर्वांनी मिळून पाहावा. त्यानंतर 'विजयी पेले'. मग ड्रायरकडे वळावे: आधी 'आपल्या पत्नीचा मान राख', नंतर 'कोपाचा दिवस', नंतर 'जोन', आणि ह्या तिन्हींनी मनाची तयारी झाल्यावर एका निवांत रात्री 'ओर्देत'. 'समारंभ' व 'शिकार' हे प्रौढांनीच पाहण्याचे चित्रपट आहेत. फॉन ट्रिअर हा मोठ्या प्रतिभेचा दिग्दर्शक. १९९६ मधील 'ब्रेकिंग द वेव्ह्ज' ह्या चित्रपटात त्यानेही देव व प्रेम ह्यांचाच प्रश्न हाताळला आहे. परंतु त्याची मांडणी फार कठोर व उघडीवाघडी आहे. त्याला शेवटी ठेवावे, आणि न रुचल्यास सोडून द्यावे.

भाषेची अडचण मानू नये. तळाशी येणारी भाषांतराची ओळ पुरेशी होते आणि ड्रायरचे मूकपट तर तेवढ्याचीही फारशी अपेक्षा ठेवीत नाहीत. हे चित्रपट ख्रिस्ती समाजातील आहेत. त्यांतील धर्ममते आपली नव्हेत. पण दारात पंथ निराळा म्हणून नाकारली गेलेली मुलगी, प्रार्थना करून हात झटकणारा पाद्री आणि घरातील सर्वांसाठी झिजणारी इंगर, ही माणसे आपल्या गावातही आहेत. 'ओर्देत' पाहून उठल्यावर वाचकाने आपल्या घरातील इंगर कोण, आणि ती असताना आपण तिच्याशी दोन शब्द गोड बोललो होतो काय, एवढे स्वतःशी आठवून पाहावे.